इंजिन दोन हजार सीसीच्या काठावरच का थांबतं?

चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातल्या एका तरुण इंजिनिअरने विचारलं आहे: ‘जर्मनीत मोठ्या इंजिनासह मिळणारी सेदान तुर्कस्तानात १.६ लिटरची आणि चीनमध्ये २ लिटरची असते. इंजिनाच्या सीसीवर कर असल्यामुळे असं होतं, असं ऐकतो. पण जो माणूस एवढी महागडी गाडी घेतो त्याला कराने काय फरक पडतो?’

प्रश्नाचा शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. फरक पडतो आणि चांगलाच पडतो. गाडी घ्यायची की नाही हे कर सहसा ठरवत नाही, कारण त्या माणसाचं तेवढं ठरलेलंच असतं. बॉनेटखाली काय असणार, हे मात्र कर ठरवतो. गेली बावीस वर्षं मी सिंगापूरला राहून आसपासच्या देशांत जाणाऱ्या आयात गाड्यांच्या किमती बसवायचं काम करतो आहे. या काळात पैसेवाल्या गिऱ्हाइकाबद्दल माझं एक मत पक्कं झालं आहे. दिसणाऱ्या गोष्टीसाठी तो आनंदाने पैसे मोजतो. चामडी सीट, मागच्या माणसाला पाय पसरायला जागा, नाकावरचा बिल्ला, या गोष्टी दिसतात. सीसी दिसत नाहीत. न दिसणाऱ्या हजार सीसींसाठी सरकारला गाडीच्या किमतीइतकी रक्कम देणं त्याला परवडतं, तरी त्याला ते पटत नाही.

आता हिशेब बघू, कारण हिशेबाशिवाय हा विषय हवेतच राहतो. चीनमध्ये मोटारींवर उपभोग कर आहे आणि त्याच्या पायऱ्या सीसीवर ठरतात. १ सप्टेंबर २००८ पासूनचे दर असे: १ लिटरपर्यंत १ टक्का, दीड लिटरपर्यंत ३, दोन लिटरपर्यंत ५, अडीचपर्यंत ९, तीनपर्यंत १२. पुढची पायरी एकदम उंच आहे. तीन ते चार लिटरला २५ टक्के आणि चारच्या वर ४०. त्याआधी २००६ पासून वरच्या दोन पायऱ्यांना १५ आणि २० टक्के होते. म्हणजे अवघ्या दोन वर्षांत सगळ्यात मोठ्या इंजिनांचा दर दुप्पट झाला.

नुसते टक्के वाचून खरा मार कळत नाही. हा कर किमतीच्या आत धरतात. म्हणजे बंदरावरची किंमत आणि आयात शुल्क यांची बेरीज करून तिला ‘एक वजा कराचा दर’ याने भागायचं. वर १३ टक्के मूल्यवर्धित कर. समजा, गाडी बंदरावर १०० रुपयांना उतरली. १५ टक्के आयात शुल्क धरून ११५ झाले. इंजिन दोन लिटरचं असेल तर ११५ ला ०.९५ ने भागा, १२१ येतात, आणि मूल्यवर्धित कर धरून १३७. इंजिन तीन लिटरच्या आत असेल तर हाच आकडा १४८ होतो, चारच्या आत असेल तर १७३. चारच्या वर गेलात तर ११५ ला ०.६ ने भागायचं, म्हणजे १९२, आणि शेवटी २१७. पत्रा तोच, सीट त्याच, बंदरही तेच. तरी १३७ ची गाडी २१७ ची झाली. नोंदणीच्या वेळचा खरेदी कर यात मी धरलेलाच नाही.

असा तक्ता समोर ठेवून कोणत्याही कंपनीचा माणूस मॉडेलांची यादी करायला बसला, की त्याची पेन्सिल आपोआप रेषेच्या अलीकडे थांबते. म्हणून आजच्या इंजिनांची मापं तुम्हाला १९८४, १९९१, १९९८, २९८१, २९९८, ३९८२, ३९९६ अशी दिसतात. गोल आकड्याच्या एक केसभर अलीकडे. पोर्शेचं उदाहरण घ्या. ९११ कॅरेराचं इंजिन पूर्वी ३४३६ सीसीचं होतं. २०१५ मध्ये त्या जागी २९८१ सीसीचं टर्बो इंजिन (जादा हवा दाबून भरून लहान मापातून जास्त ताकद काढणारं) आलं आणि चीनच्या तक्त्यात गाडी २५ टक्क्यांवरून १२ वर उतरली. पुढच्या वर्षी बॉक्स्टर आणि केमनचं २.७ लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन जाऊन १९८८ सीसीचं चार सिलिंडरी टर्बो आलं, म्हणजे १२ वरून ५. आवाज गेला म्हणून जुने चाहते हळहळले. मलाही वाईट वाटलं, कारण त्या सहा सिलिंडरांचा आवाज खरोखर सुंदर होता. पण शांघायच्या शोरूममध्ये पहिलीच पोर्शे घेणाऱ्याने तो आवाज कधी ऐकलेलाच नव्हता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. इंजिनं लहान होण्याचं सगळं श्रेय किंवा खापर चीनच्या करावर टाकणं चूक आहे. युरोपात कार्बन डायऑक्साइडची मर्यादा त्याच काळात कडक होत गेली, आणि लहान टर्बो इंजिन दोन्ही परीक्षांत पास होतं. मग कराचा हात ओळखायचा कसा? माझी पद्धत सोपी आहे. जर्मनीत विकलं न जाणारं लहान इंजिन एखाद्याच देशात मिळत असेल तर तिथला कर बघायचा. बीएमडब्ल्यूची ७ सिरीज, लांब व्हीलबेसची, मागे साहेब बसतो ती गाडी, चीनमध्ये २०१६ पासून ७३० एलआय या नावाने चार सिलिंडरी दोन लिटर इंजिनासह विकली गेली. असा बदल कुणी हौसेने करत नाही.

आणि ती ७३० होती, ७२० नव्हे, हेही नीट बघा. पूर्वी बिल्ल्यावरचा आकडा इंजिनाचं माप सांगायचा. ३२० म्हणजे दोन लिटर, ५०० म्हणजे पाच लिटर. तो धागा हळूहळू तुटला. ऑडीने तर २०१३ मध्ये चीनमध्येच ३०, ३५, ४५, ५० असे गाडीच्या प्रवेगावर बेतलेले आकडे लावायला सुरुवात केली आणि २०१७ नंतर तशीच, पण ताकदीवर बेतलेली पद्धत जगभर आणली. विक्रीच्या दृष्टीने मला ही इंजिनाच्या बदलाइतकीच मोठी घटना वाटते. मागून येणाऱ्या माणसाला आकड्यावरून सीसी कळत नाहीत, तेव्हा लहान इंजिन घेण्यात कमीपणा उरत नाही. कर वाचतो आणि शेजाऱ्याला पत्ता लागत नाही.

अशा कराने विक्रीचा आकार कसा बदलतो? लोकांना वाटतं, वरून खालपर्यंत सगळं थोडंथोडं लहान होतं. तसं होत नाही. मधला भाग पोखरला जातो. खाली मोठ्या शरीराच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांची गर्दी होते. अगदी वरच्या टोकाला ६७४९ सीसीचं व्ही १२, म्हणजे बारा सिलिंडरी इंजिन घेऊन फिरणारी रोल्स-रॉइस विकली जातच राहते, कारण तिथे दुर्मिळपणाच विकायचा असतो आणि कराने तो वाढतो. मरतात ती अडीच ते साडेतीन लिटरची साधी, टर्बो नसलेली, शांत सहा सिलिंडरी इंजिनं. डॉक्टर, वकील, कारखानदार यांच्या पसंतीची. हा गिऱ्हाईक हिशेबी असतो. त्याला पायरी दिसते आणि तो एक पाऊल मागे घेतो.

याच गोष्टीचा सगळ्यात सुंदर इतिहास इटलीत आहे, आणि तो मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो. १९८० च्या दशकात तिथे दोन लिटरवरच्या पेट्रोल गाड्यांना ३८ टक्के मूल्यवर्धित कर होता आणि त्याखालच्यांना साधारण त्याच्या निम्मा. डिझेलची रेषा अडीच लिटरवर होती. फेरारीची तेव्हाची ३०८ ही २९२७ सीसीची व्ही ८. घरच्याच बाजारासाठी कंपनीने स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७१ मिलिमीटरच ठेवला, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८१ वरून ६६.८ वर आणला आणि १९९० सीसीची २०८ बनवली. आठ सिलिंडर, प्रत्येकी जेमतेम २५० सीसी. १९८० मध्ये जीटीबी (बंद छताची) आणि जीटीएस (छत काढता येणारी) या रूपांत ती आली तेव्हा तिची ताकद होती १५५ अश्वशक्ती. दिसायला हुबेहूब ३०८. दोन वर्षांत विकल्या गेल्या सुमारे ३०० गाड्या.

म्हणजे करबचत होती, बिल्ला होता, रूप होतं, तरी गिऱ्हाईक फिरकला नाही. फेरारीवाल्याला डोंगराच्या चढावर दुसऱ्या गाडीने मागे टाकलं की सगळा कर वाचवूनही तो दुःखीच. म्हणून १९८२ मध्ये त्याच १९९० सीसीच्या इंजिनावर टर्बो चढवला आणि ताकद २२० वर नेली. रस्त्यावरची पहिली टर्बो फेरारी ही अशी जन्माला आली, प्रसिद्ध २८८ जीटीओच्या दोन वर्षं आधी, आणि तिच्या जन्माला कारण झाला दोन लिटरचा कर. ती आधीच्या २०८ च्या दुपटीहून अधिक विकली गेली. माझ्या धंद्याचा सगळा धडा मला या एका गाडीत दिसतो: कर वाचवायला लहान इंजिन द्या, पण ते लहान आहे हे गिऱ्हाइकाला गाडी चालवताना जाणवू देऊ नका.

मासेराटीने हे आधीच ओळखलं होतं. डिसेंबर १९८१ मध्ये दाखवलेली बायटर्बो म्हणजे १९९६ सीसीची व्ही ६ आणि दोन टर्बो. परदेशी जाणाऱ्या गाडीला अडीच लिटर. बाहेरून आलेल्यांनाही याच रेषेखालून वाकून जावं लागलं. बीएमडब्ल्यूने एम ३ च्या २३०२ सीसी इंजिनाचा स्ट्रोक ८४ वरून ७२.६ मिलिमीटर केला आणि इटली व पोर्तुगालसाठी १९९० सीसीची, १९२ अश्वशक्तीची ३२० आयएस काढली. साडेतीन हजारांहून जास्त बनल्या. तुम्ही इंजिनिअर आहात, म्हणून हे मिलिमीटर मुद्दाम देतो. क्रँकशाफ्टची कमान साडेपाच-सहा मिलिमीटर आत आली, ती इटलीच्या कर खात्यामुळे.

१९९३ पासून युरोपीय समुदायात मूल्यवर्धित कराचे असे वाढीव दर बंद झाले. पण इटलीने मोठ्या गाड्यांची पाठ सोडली नाही, फक्त माप बदललं. २०११ मध्ये ताकदीवर वार्षिक अधिभार आला, आणि २०१२ पासून १८५ किलोवॅटच्या वर दर किलोवॅटला वर्षाला २० युरो. ३५० किलोवॅटच्या गाडीला नेहमीच्या रस्ता कराखेरीज ३३०० युरो जास्त, आणि तेही दरवर्षी. दोन लिटरवर टर्बो चढवून सुटायची जुनी वाट इथे चालत नाही, कारण मोजलं जातं ते टर्बोने दिलेलं फळच.

तुर्कस्तानात हा खेळ आजवरच्या सगळ्यात कठोर रूपात दिसला. तिथला विशेष उपभोग कर १६०० आणि २००० सीसीच्या रेषांवर बसवलेला होता. ऑगस्ट २०२० च्या दरांनुसार दोन हजारच्या वर २२० टक्के. १६०० ते २००० मध्ये, महागड्या गाड्यांना, १५०. आणि १६०० च्या आतल्या सर्वांत महाग गटाला ८०. यावर तेव्हाचा १८ टक्के मूल्यवर्धित कर, म्हणजे करावर कर. १०० ची गाडी १६०० च्या आत असली तर २१२ ला पडते, दोन लिटरची २९५ ला, त्याहून मोठी ३७८ ला. यानंतर तुम्हाला बीएमडब्ल्यू ५२० आय तिथे १.६ लिटरची का, किंवा मर्सिडीजची ई क्लास ‘ई १८०’ या नावाने का, हे विचारायची गरज राहणार नाही. इस्तंबूलला गेलात तर बघा, ई क्लास आणि ५ सिरीज भरपूर दिसतील. तिथल्या यशस्वी माणसाची ओळख असलेली गाडी १.६ लिटरच्या इंजिनावर चालली आणि कुणाचं काही अडलं नाही.

आता माझ्या गावाकडे, म्हणजे सिंगापूरकडे येतो. इथे गाडी घ्यायची तर आधी दहा वर्षांचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. सामान्य माणसाच्या गाड्यांसाठी ‘अ’ वर्ग, आणि त्याची व्याख्या वर्षानुवर्षं एकच होती: १६०० सीसीपर्यंत. कायदा करणाऱ्यांच्या मनात तेव्हा कोरोलासारखी गाडी असणार. पुढे युरोपीय कंपन्यांची १.६ लिटरची टर्बो इंजिनं आली आणि बीएमडब्ल्यू ३१६ आय, मर्सिडीज सी १८० यांचे गिऱ्हाईक याच वर्गात बोली लावू लागले. २०१३ मध्ये ‘अ’ वर्गाचा परवाना नव्वद हजार सिंगापूर डॉलरच्या वर गेला. लहान गाडी घेणारं कुटुंब बोलीत बीएमडब्ल्यूच्या गिऱ्हाइकाशी झुंजत होतं. मी तेव्हा याच कंपन्यांच्या बाजूने काम करत होतो, तरी सांगतो, ते अन्यायाचं होतं. फेब्रुवारी २०१४ पासून सरकारने सीसीबरोबर ताकदीची अटही घातली, ९७ किलोवॅट. ३१६ आय १०० किलोवॅटची, ती बाहेर गेली. सी १८० त्याहून ताकदवान, तीही गेली. ९० किलोवॅटची मर्सिडीज ए १८० मात्र ‘अ’ वर्गातच राहिली. रेषा हलली की गर्दी नव्या रेषेपाशी जाऊन उभी राहते, दुसरं काही होत नाही.

रेषेची किंमत मी स्वतःही मोजली आहे. कामाला लागून तीनच वर्षं झाली होती. आग्नेय आशियातल्या एका देशात आमच्या आयातदाराने ३.२ लिटरच्या सेदानांची मोठी ऑर्डर दिली. त्या देशात तीन लिटरच्या वर कराची उंच पायरी होती. माझा युक्तिवाद असा, की एवढ्या किमतीला गिऱ्हाईक तेवढा फरक बघत नाही. गाड्या बंदराजवळच्या गोदामात वर्षभराहून जास्त काळ पडून राहिल्या, रबरी भाग कडक झाले, बॅटऱ्या बदलाव्या लागल्या. त्याच काळात त्याच कंपनीची २.८ लिटरची गाडी, आतून तंतोतंत तशीच, महिन्याच्या महिन्याला संपत होती. ‘श्रीमंताला काय फरक पडतो’ हे वाक्य तेव्हापासून मी कधी उच्चारलेलं नाही.

खरेदीच्या वेळचा कर आणि दरवर्षीचा कर यांचा परिणाम वेगळा असतो, हेही ध्यानात ठेवा. खरेदीचा कर पहिला मालक भरतो. वार्षिक कर गाडीच्या मागे तिसऱ्या-चौथ्या मालकापर्यंत चालत येतो आणि जुन्या गाडीची किंमत पाडतो. जपानमध्ये वार्षिक कर सीसीप्रमाणे चढत जातो. दीड ते दोन लिटरला ३६,००० येन, सहा लिटरच्या वर १,१०,०००, आणि पेट्रोल गाडी तेरा वर्षांची झाली की साधारण १५ टक्के जास्त. मोठ्या इंजिनाची जुनी आलिशान सेदान तिथे स्वस्तात का मिळते, याचं बरंचसं उत्तर या आकड्यांत आहे. १९८९ पूर्वी तर अवस्था याहून बिकट होती. दोन लिटरच्या किंवा १.७ मीटर रुंदीच्या पलीकडे गेलं की गाडी ‘३ नंबरी’ पाटीच्या वर्गात जायची आणि वार्षिक कर ३९,५०० वरून थेट ८१,५०० येन व्हायचा. टोयोटा क्राउन, निसान सेड्रिकसारख्या साहेबी गाड्याही दोन लिटरच्या सहा सिलिंडरांवर, टर्बो किंवा सुपरचार्जर लावून, धावत होत्या. एप्रिल १९८९ मध्ये ती पायरी मोडून सीसीनुसार उतार केला आणि गाड्यांवरचा जुना वस्तुकरही गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टोयोटाने चार लिटर व्ही ८ ची सेल्सिओर आणली. तिचा आराखडा कित्येक वर्षं आधीचा आणि अमेरिकेच्या बाजारासाठीचा होता, पण मायदेशात ती एवढी खपली त्याला नव्या कराचा हातभार नक्कीच होता.

अमेरिकेत सीसीवर संघराज्याचा कर नाही. तिथे १९७८ च्या कायद्याने आलेला दंडवजा कर इंधनाच्या वापरावर आहे, तोही फक्त मोटारींवर, आणि सगळ्यात वाईट गाडीलाही जास्तीत जास्त ७,७०० डॉलर. फेरारीच्या किमतीत तो दिसतही नाही. मोठी व्ही ८ इंजिनं तिथे इतकी वर्षं सुखाने नांदली त्याला हेही एक कारण आहे.

तुम्ही चाकणचे, म्हणून आपल्याकडचंही थोडं. २२ सप्टेंबर २०२५ पासून भारतात पेट्रोल १२०० आणि डिझेल १५०० सीसीच्या आतल्या, चार मीटरपर्यंतच्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे आणि इंजिनावर चालणाऱ्या बाकी मोटारींना ४०. ही रेषा आलिशान गाड्यांच्या फार खालून जाते. म्हणून दोन लिटर घ्या की तीन, जीएसटीचा दर तोच, आणि चाकणला जोडल्या जाणाऱ्या मर्सिडीजला भारतासाठी खास लहान इंजिन बनवण्याचं कारण उरत नाही. सीसीच्या रेषेने इथेही एकदा इंजिन कापलं होतं, पण ते कराने नव्हे, कोर्टाच्या आदेशाने. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी आणि वरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली, आणि महिन्याभरात महिंद्राने एक्सयूव्ही ५०० आणि स्कॉर्पिओसाठी आपल्या २१७९ सीसीच्या एमहॉक डिझेल इंजिनाचं १.९९ लिटर रूप आणलं. बंदी ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का हरित उपकर लावून उठली. इटलीत फेरारीच्या बाबतीत जे घडलं तेच इथे.

विजेच्या गाड्यांना सीसी नाहीत, तेव्हा रेषा आता किलोवॅटवर आणि किमतीवर आखली जाते आहे. तुर्कस्तानने २०२२ मध्ये १६० किलोवॅटची रेषा घातली. सिंगापूरने त्याच वर्षी मे महिन्यात विजेच्या गाड्यांसाठी ‘अ’ वर्ग ११० किलोवॅटपर्यंत नेला. चीनने २०१६ मध्ये १३ लाख युआनवरच्या गाड्यांना १० टक्के जादा कर लावला होता, ती मर्यादा जुलै २०२५ मध्ये ९ लाखांवर आणली आणि विजेच्या गाड्याही त्यात घेतल्या.

मोटरची ताकद सॉफ्टवेअरने बांधता येते, त्यासाठी क्रँकशाफ्ट बदलावा लागत नाही. याचा अर्थ, तुमच्या कारखान्यात देशागणिक वेगळे भाग बनवण्याचं काम पुढच्या दहा वर्षांत कमी होत जाईल, असं मला वाटतं. तोपर्यंत पुढची ऑर्डर हातात आली की बोअर, स्ट्रोक आणि सिलिंडरांच्या संख्येवरून सीसी काढा, आणि त्या देशाचा कराचा तक्ता शेजारी ठेवा. आकडा रेषेच्या किती जवळ आहे, ते स्वतःच बघा.